मेश्रामकाका आणि हरवलेली पाकिटं

मेश्रामकाकांसमोर ‘खूप’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती.

“काका, आज खूप थंडी आहे,” असं म्हटलं की ते चष्म्यावरून बघायचे आणि शांतपणे म्हणायचे, “‘खूप’ काढ.” मग आपण ‘खूप’ काढून “आज थंडी आहे” म्हणायचं. त्यावर ते म्हणायचे, “जानेवारीत रेगेन्सबर्गला थंडी असते, हे सांगायला तू दोन जिने चढून आलीस?” मग आपण निमूट खिडकीपाशी जायचं, बाहेर लावलेल्या थर्मामीटरवरचा आकडा वाचायचा आणि परत येऊन सांगायचं, “उणे नऊ.”

“हां,” काका म्हणायचे. “आता बोललीस.”

‘खूप’ हा त्यांचा शत्रू नंबर एक. त्याच्यामागे ‘फार’, ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘जरासं’ आणि ‘भयंकर’ अशी सगळी टोळी होती. नेहमी म्हणजे किती वेळा? कधीच म्हणजे कधीपासून? माणूस खोटं बोलतो ते विशेषणांत बोलतो, आकड्यांत बोलायला त्याला भीती वाटते, असं त्यांचं मत होतं. घरी सुनंदाकाकू विचारायच्या, “अहो, भाजी कशी झालीय?” तर उत्तर यायचं, “मीठ पाव चमचा कमी.” लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण एकदाही ‘छान’ म्हणाले नाहीत, असं काकू मला सांगत होत्या. काका आतून म्हणाले, “पंचवीस पूर्ण व्हायला दोन महिने आहेत. चोवीस वर्षं दहा महिने म्हण.”

एकदा बुद्धपौर्णिमेला न्यूर्नबर्गला आपल्या लोकांचा कार्यक्रम होता. वंदना झाली, आणि मग एक पाहुणे भाषणाला उभे राहिले. “आज आपण इथे प्रचंड संख्येने जमलो आहोत,” असं त्यांनी सुरू करताच मागच्या रांगेतून आवाज आला, “त्रेचाळीस.” पाहुणे थबकले. काका उठून नम्रपणे म्हणाले, “लहान मुलं धरून.” आणि खाली बसले. मैत्रेयी, त्यांची मुलगी, तेव्हा सोळा वर्षांची. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमध्ये यायचं. तिने कपाळावर हात मारून “पापा, बिट्टं,” म्हणजे ‘पुरे करा ना’, म्हटलं, आणि खीर आणायला निघून गेली. ती खीरही काकांनीच केलेली होती, आणि तिच्यातली साखर वजनकाट्यावर मोजलेली होती.

भंडाऱ्याजवळच्या एका खेड्यातला हा माणूस जर्मनीत वीस वर्षं का राहिला, याचं कारण त्यांनी मला एकदा सांगितलं. “हे लोक दिवसभर ‘गेनाऊ’ म्हणत राहतात. गेनाऊ म्हणजे नेमकं. ज्या देशात हुंकार द्यायलासुद्धा लोक ‘नेमकं’ म्हणतात, तिथे माझं जमलं.”

पण नशीब बघा. असा माणूस नोकरीला लागला तो हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रांडलकडे.

आमचं ऑफिस अकरा माणसांचं. गावातल्या मोटारींच्या मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी आम्ही सीटच्या पट्ट्या, कंस म्हणजे ब्रॅकेटं, बिजागऱ्या यांची ड्रॉइंग करायचो. हेर ब्रांडल आमचे मालक. देहाने दोन माणसांएवढे, मनाने चांगले, आणि अस्सल बव्हेरियन. त्यांचं आवडतं वाक्य होतं “पास्ट शो”. चालतंय, जमेल, बघू, असू दे, काळजी करू नका, आता पुरे, हे सगळं त्या दोन शब्दांत बसतं. ब्रांडल म्हणायचे “पास्ट शो”, आणि पलीकडून मेश्रामकाका विचारायचे, “किती मिलिमीटर पास्ट?” अकरा वर्षं हा संवाद चालला होता. दोघांपैकी कोणीही सुधारलं नव्हतं.

काकांचं खरं काम होतं मजबुतीचा हिशेब करायचं. एखादी पट्टी किती वजनाला वाकेल, किती झटक्यांनी तुटेल, हे ते काढून द्यायचे. पण ऑफिसातल्या सर्व्हरचंही तेच बघायचे. ज्याने एकदा प्रिंटर दुरुस्त केला त्याच्या गळ्यात पुढे सर्व्हर पडतो, हा छोट्या ऑफिसांचा नियम आहे. आमचा सर्व्हर संडासाशेजारच्या कपाटात, पोछे आणि फिनेलच्या बाटल्यांमध्ये राहायचा. आमची सगळी ड्रॉइंग त्याच्यात साठवलेली असायची. कपाटाची एक किल्ली फ्राऊ हुबरकडे, दुसरी काकांकडे. फ्राऊ हुबर म्हणजे ऑफिसच्या सेक्रेटरी, साठीला टेकलेल्या. ब्रांडलच्या तारखा, आमच्या रजा, सगळ्यांची तिकिटं आणि झाडांना पाणी हे सगळं त्या बघायच्या.

मी तिथे लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. कराडची मुलगी, जर्मनीत एमएस करून पहिली नोकरी मिळालेली. पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे पारखायचा काळ. त्यात मालकाला पटलं नाही तर दोन आठवड्यांत तुम्ही घरी. आणि माझ्यासारखीला घरी म्हणजे थेट कराडला, कारण व्हिसा नोकरीवर होता. घरी वडिलांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलेलं, की वृषाली आता जर्मनीत गाड्या बनवते. मी कंस बनवत होते, पण ते त्यांना सांगितलं नव्हतं.

पाच महिने बरे गेले. ऑक्टोबरात माझी ड्रॉइंग बिघडायला लागली.

मी काम करायचे, सेव्ह करायचे, आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर फाइल अर्धीच. कधी उघडायचीच नाही. कधी सेव्ह करताना पडदा गोठायचा आणि थोड्या वेळाने सर्व्हर सापडत नाही असा निरोप यायचा. पहिल्यांदा मला वाटलं माझंच काही चुकलं. दुसऱ्यांदा मी रात्रीचं जेवण सोडून सगळं पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा ती अर्धी फाइल तशीच गिऱ्हाइकाकडे गेली, आणि गिऱ्हाइकाचा फोन थेट ब्रांडलना आला.

ब्रांडलनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “फ्राऊ याग्टाप,” जगतापचं त्यांनी तेच केलं होतं, “आमच्याकडे घरी जायच्या आधी काम सेव्ह करतात.”

“मी केलं होतं.”

“बाकी दहा जणांचं होतं. तुमचंच होत नाही.” त्यांनी समोरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. “प्रोबेत्साइट संपायच्या आधी आपण बोलू. पुढच्या महिन्यात, पहिल्या शुक्रवारी.”

त्या वेळी ते “पास्ट शो” म्हणाले नाहीत.

मी तशीच बाहेर आले आणि कोटाच्या खुंट्यांपाशी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागून काकांचा आवाज आला. “काय झालं?”

“काका, नेटवर्क नेहमी बंद पडतं. माझं सगळं काम जातं.”

“‘नेहमी’ काढ. ‘सगळं’ काढ.”

त्या क्षणी मला या माणसाचा जो राग आला, तो आजही मला आठवतो. माझी नोकरी चाललीय आणि हे व्याकरण तपासतायत. ते गेले आणि रेघा मारलेला एक कागद घेऊन परत आले. तारीख, वेळ, फाइल केवढी, सेव्ह झाली की नाही, असे चार रकाने.

“प्रत्येक वेळी लिहायचं,” ते म्हणाले. “झाली तरी लिहायचं. झालेलं लिहिलं नाही तर न झालेल्याला अर्थ नाही.”

“आणि याने काय होणार?”

“आत्ता माहीत नाही. मी काहून खोटं सांगू?”

मी लिहायला लागले. रागारागानेच, पण लिहायला लागले.

त्याच दुपारी काका माझ्या टेबलाशी स्टूल घेऊन बसले. त्यांनी काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली, आणि ओळींमागून ओळी सरकायला लागल्या. “हे पिंग,” ते म्हणाले. “तुझा कॉम्प्युटर सर्व्हरला हाक मारून राहिला. सर्व्हर ओ देतो. प्रत्येक हाक म्हणजे एक छोटं पाकीट. पाठवायचं आणि परत यायची वाट बघायची.” ओळी जात राहिल्या. उत्तर, उत्तर, उत्तर. मग मध्येच एक ओळ, की वेळ संपली, उत्तर नाही. काकांनी बोटाने पडद्यावर टिचकी मारली. “हे पाकीट हरवलं.”

शंभरात चार हरवली. मग ते शेजारच्या कार्लच्या टेबलावर गेले, तिथे शंभरात शून्य. फ्राऊ हुबरच्या टेबलावर शून्य. सगळ्या अकरा जागा फिरून आले. बाकी सगळीकडे शून्य होतं, माझ्याकडे मात्र चार.

“चार म्हणजे थोडीच आहेत,” मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली.

पण या वेळी ते रागावले नाहीत. “एखादं पत्र असतं तर चाललं असतं. हरवलेलं पुन्हा पाठवता येतं, आणि हा कॉम्प्युटर पाठवतोही. पण तुझं ड्रॉइंग हजारो पाकिटांत जातं. त्यातली इतकी हरवली की पुन्हा पाठवता पाठवता तो थकतो आणि मधेच सोडून देतो. मग अर्धी फाइल.” त्यांनी चष्मा पुसला. “तुझी चूक नाही, असं मी आत्ता म्हणत नाही. पण पाकिटं हरवतायत, एवढं मात्र नक्की.”

महिनाभरात मला कोणी बोललेलं ते सगळ्यात दिलासा देणारं वाक्य होतं.

पुढचे नऊ दिवस काकांनी ऑफिसाला जे दाखवलं, ते बघून ब्रांडल सोडून सगळ्यांची करमणूक झाली. काकांचा नियम एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सोमवारी त्यांनी माझा कॉम्प्युटर कार्लच्या जागी नेला आणि कार्लचा माझ्या जागी आणला. आता पाकिटं कार्लची हरवायला लागली. “कॉम्प्युटर निर्दोष,” काकांनी वहीत लिहिलं. मंगळवारी सकाळी दोन्ही कॉम्प्युटर परत जागेवर ठेवले आणि कपाटात जाऊन माझी तार, सगळ्यांच्या तारा जिथे जुळतात त्या स्विचच्या दुसऱ्या भोकात घातली. तरी हरवली. “भोक निर्दोष.” मी म्हटलं, “काका, सगळं एकदम बदलून टाकू या ना, लवकर होईल.” ते म्हणाले, “लवकर होईल, पण कळणार नाही. आणि जे कळलं नाही ते पुन्हा होते.”

गंमत म्हणजे बुधवारी आणि गुरुवारी काहीच हरवलं नाही. दोन दिवस सगळी पाकिटं पोचली. मला आनंद झाला. काका मात्र अस्वस्थ. “आपोआप बरं झालेलं दुखणं मला आवडत नाही,” म्हणाले. शुक्रवारी पाकिटं पुन्हा हरवली, आणि त्यांचा चेहरा जरा खुलला.

शेवटी त्यांनी माझा कागद मागितला. नऊ दिवसांत मी एक्केचाळीस वेळा सेव्ह केलं होतं, सात वेळा फसलं होतं. ते कागद घेऊन फ्राऊ हुबरच्या टेबलामागच्या भिंतीपाशी उभे राहिले. तिथे ब्रांडलच्या भेटीगाठींचं मोठं कॅलेंडर टांगलेलं असायचं. बराच वेळ ते एकदा माझ्या कागदाकडे आणि एकदा भिंतीकडे बघत होते.

“फ्राऊ हुबर,” ते म्हणाले, “बुधवारी आणि गुरुवारी हेर ब्रांडल कुठे होते?”

“बाहेरगावी. गिऱ्हाइकाकडे.”

“मंगळवारी दुपारी?”

“दातांच्या डॉक्टरकडे.”

मंगळवारी दुपारी माझ्या पाच फाइली सेव्ह झाल्या होत्या, पाचही नीट. फ्राऊ हुबरनी चष्मा वर केला. काकांनी कागदाची घडी घातली. मी कुजबुजले, “काका, म्हणजे हेर ब्रांडलच?”

“कारण सापडलं असं म्हणायचं नाही,” काका म्हणाले. “संशय आहे, एवढंच म्हणायचं.” आणि सरळ काचेच्या खोलीकडे चालायला लागले.

माझी जागा त्या खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती. काकांनी माझ्या कॉम्प्युटरवर पिंग चालू केलं, पडदा काचेकडे वळवला आणि दार वाजवून आत गेले. दार उघडंच राहिलं, त्यामुळे पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

“हेर ब्रांडल, कृपया उभे राहा.”

ब्रांडल उभे राहिले. त्यांना वाटलं कोणीतरी आलंय.

काकांनी काचेतून माझ्याकडे बघितलं. मी ओरडून सांगितलं, “उत्तर येतंय.”

“आता कृपया बसा. आणि फोनवर बोलताना रेलता तसं रेलून बसा.”

ब्रांडल बसले, रेलले. पडद्यावर ओळ आली. वेळ संपली. मग आणखी एक.

“हरवलं,” मी म्हटलं.

“कृपया उभे राहा.”

“मेश्राम, हे काय चाललंय?”

“मोजमाप. कृपया बसा.”

दहा वेळा. मी खोटं सांगत नाही, दहा वेळा काकांनी त्या अजस्र माणसाला उठवलं आणि दहा वेळा बसवलं. चौथ्या वेळी कार्लने हसू दाबायला तोंडात मफलर कोंबला. सहाव्या वेळी ब्रांडलनी विचारलं, “तीनदा पुरे नव्हतं का?” काका म्हणाले, “तीनदा योगायोग होऊ शकतो.” दहाव्या वेळी ब्रांडल खुर्चीत पडले ते धापा टाकतच. पण एव्हाना त्यांनाही उत्सुकता लागलेली. माझ्या “हरवलं” ची वाट ते स्वतःच बघायला लागले होते.

मग काका गुडघ्यांवर बसले, खुर्ची मागे सरकवली आणि गालिच्याची कड उचलली. खाली एक राखाडी तार होती, माझ्या कोपऱ्यातून निघून त्या खोलीतून कपाटाकडे जाणारी. ब्रांडलच्या खुर्चीचं चाक जिथे यायचं, तिथे तिचं वरचं आवरण फाटून आतल्या बारीक तांब्याच्या तारा चेपल्या होत्या. चाक बाजूला असलं की त्या कशाबशा चिकटून राहायच्या. मालक रेलले की सुटायच्या.

ब्रांडल त्या तारेकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. “म्हणजे मीच,” ते म्हणाले.

इथे काका गप्प बसले असते तर सगळं तिथेच मिटलं असतं. मालकाच्या वजनाचा दोष. दोन दिवस हसलो असतो आणि विसरलो असतो.

“नाही,” काका जमिनीवर बसूनच म्हणाले. “खुर्ची बसायसाठी असते. तार तिथे नको होती. ती मी घातली.”

“अरे, पास्ट शो, मेश्राम.”

“नाही. नाही पास्ट.”

आणि त्यांनी त्याच दुपारी प्रोटोकोल लिहिला. प्रोटोकोल म्हणजे घडल्या गोष्टीचा रीतसर अहवाल, त्यांच्या स्वतःच्या नमुन्याचा. काय झालं, कधीपासून, कारण काय, कोणामुळे, चूक का झाली, उपाय काय. ‘कोणामुळे’ च्या पुढे त्यांनी लिहिलं: मेश्राम. तार भिंतीच्या पट्टीतून न नेता तात्पुरती म्हणून गालिच्याखालून नेली, नंतर बदलली नाही. खाली वेगळी ओळ: आधीच्या तीन आणि नोंदवलेल्या सात, एकाही फाइलीच्या बिघडण्याशी फ्राऊ जगताप यांचा संबंध नाही. एक प्रत ब्रांडलना, एक फ्राऊ हुबरकडच्या माझ्या फाइलीत, आणि एक गिऱ्हाइकाला. गिऱ्हाइकाला नाव पाठवू नका, असं ब्रांडल दोनदा म्हणाले. काकांनी पाठवलं. पुढच्या बैठकीत त्या लोकांनी काकांना टोचून बोलून घेतलं, ते त्यांनी उभं राहून ऐकलं.

नव्या महिन्याचा पहिला शुक्रवार आला. ब्रांडलनी मला आत बोलावलं, हात पुढे केला आणि म्हणाले, “फ्राऊ जगताप.” ‘याग्टाप’ नव्हे. कोणाकडून तरी उच्चार शिकून घेतला होता, आणि तो कोणाकडून हे विचारायची गरज नव्हती. नोकरी कायम झाली. व्हिसासाठी परदेशी लोकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डंत जायचं होतं, तर काका अर्धा दिवस रजा टाकून बरोबर आले. माझ्या कागदांना त्यांनी क्रमांक घातले होते. खिडकीतल्या बाई एवढ्या खूश झाल्या की त्यांनी विचारलं, “हे कोणी लावलं?”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, तुमचे आभार कसे मानू?”

“काहून? तार माझीच खराब होती.”

“एक विचारू? तुमच्या प्रोटोकोलात ‘चूक का झाली’ असाही रकाना असतो. तो या वेळी रिकामा होता. तुमचा रकाना रिकामा मी कधी पाहिला नाही.”

ते थोडे पुढे चालत गेले. “जे लिहायचं होतं ते कारण नव्हतं,” म्हणाले. “सबब होती. सबबीला रकाना नसतो.”

मी विषय सोडला. पण फ्राऊ हुबरना त्या रकान्याबद्दल सहज बोलले, तेव्हा त्यांनी हातातली पाण्याची झारी खाली ठेवली.

“तुला माहीत नाही?” त्या म्हणाल्या. “ती तार तुझ्यासाठीच घातली. तू सोमवारी येणार होतीस, आणि तो शुक्रवार होता. दुपारी दोनला भारतातून फोन आला. मेश्रामची आई गेली. मी लगेच फ्रांकफुर्टहून रात्रीच्या विमानाचं तिकीट काढलं. म्हटलं, तीनची गाडी पकड. तार सोमवारी दुसरा कोणीतरी घालेल. तर म्हणाला, दुसऱ्या कोणाला येत नाही. माझ्याकडची मुलगी आहे. पहिल्या दिवशी बंद कॉम्प्युटरसमोर बसेल, आणि सगळे बघतील. पाचची गाडीही चालेल.” फ्राऊ हुबरनी कुंडीतलं एक सुकलेलं पान तोडलं. “भिंतीची पट्टी पुरली नाही, म्हणून गालिच्याखालून नेली. पाचची गाडी वाटेत अडकली. विमान गेलं. दुसऱ्या दिवशीचं मिळालं.”

मला आठवलं. पहिले तीन आठवडे माझ्या समोरचं टेबल रिकामं होतं. कोणीतरी भारतात रजेवर गेलंय, एवढंच कळलं होतं. आणि मला वाटलं होतं, काय मजा आहे.

दोन दिवस मला काकांकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत ते डॅन्यूबच्या काठाला बाकावर डबा खात बसले होते, तिथे मी गेले आणि बोलून टाकलं. ते फ्राऊ हुबरवर रागावले नाहीत. डब्याचं झाकण लावलं.

“हे बघ,” ते म्हणाले. “तू हे डोक्यात घेऊ नको. मी हिशेब केला आहे. मे महिना होता, भंडाऱ्याचा उन्हाळा. त्यांना थांबता येत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी सहाला अंत्यविधी झाला. मी तीनची गाडी धरली असती, ते विमान मिळालं असतं, तरी नागपूरला संध्याकाळी सातला उतरलो असतो. काहीच फरक नव्हता.”

“नक्की, काका?”

“सातला,” ते म्हणाले.

मला एकदम हलकं वाटलं. मेश्रामकाकांनी आकडा दिला म्हणजे संपलं. बहुतेक सगळा हिवाळा मी त्या आकड्याच्या आधाराने काढला.

मार्चमध्ये फ्राऊ हुबर रजेवर होत्या, आणि मला माझ्या तिकिटाची जुनी पावती हवी होती. प्रवासाच्या कागदांची त्यांची जाडजूड फाइल मी टेबलावर घेतली. पानं उलटताना मागच्या मे महिन्याशी आले. मेश्राम. फ्रांकफुर्ट, मुंबई, नागपूर. वरून तिरकी रेघ, आणि फ्राऊ हुबरच्या अक्षरात: गेलं नाही. छापलेल्या वेळा मी वाचल्या. मग पुन्हा वाचल्या. नागपूरला उतरायची वेळ होती शनिवार, दुपारी दोन वाजून तीस मिनिटं.

नागपूर ते भंडारा गाडीने दीड तास. खेड्यापर्यंत आणखी थोडं. अंत्यविधी सहाला होता.

माणसाला आकडा चुकतो. दुःखात तर चुकतोच. पण त्या माणसाला मी ओळखत होते. त्यांनी तो कागद पाहिला नसेल असं झालं नसेल. पाहिला असेल, आणि एकदाच नाही.

मी पान जसं होतं तसं परत लावलं. फाइल कपाटात ठेवली. स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा केला आणि त्यांच्या टेबलावर एक ठेवला. ते एका बिजागरीचा हिशेब करत होते.

“काका, तुमच्या आईचं नाव काय होतं?”

त्यांनी पेन्सिल थांबवली. “सखुबाई. काहून?”

“काही नाही. विचारावंसं वाटलं.”

त्यांनी कप जवळ ओढला. “इथे कोणी विचारलं नव्हतं,” म्हणाले. मग खुर्ची माझ्याकडे वळवून सांगायला लागले. आई धानाच्या बांध्यांत कशी रोवणी करायची, शाळेत सोडायला नदीतून त्यांना खांद्यावर घेऊन कशी जायची, परीक्षेचा निकाल वाचता येत नव्हता म्हणून मास्तरांना तीन-तीनदा कसा वाचायला लावायची. काम तसंच पडून होतं. ब्रांडल एकदा दारात आले, आमच्याकडे बघितलं आणि परत गेले. काका सांगत होते, मी ऐकत होते, आणि मधे कुठेही मी त्यांना थांबवलं नाही.